बुचाखालचा दाब: बेल्जियन बिअर बाटलीत भरण्याचे तंत्र

बेल्जियन धाटणीची बिअर पिंपात तयार होते आणि बाटलीत पुरी होते. पहिले किण्वन संपल्यावर तिच्यात मद्यार्क असतो, पण फेसाळपणा फारसा नसतो. म्हणून बाटल्या भरताना बिअरमध्ये मोजकी साखर आणि थोडे ताजे यीस्ट मिसळून तोंडे बंद करतात. यीस्ट साखर खाते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे बिअरमध्येच विरघळतो. गोळी सोड्यात वायू यंत्राने भरतात. येथे तो बाटलीतच तयार होतो.

साखर आणि यीस्ट यांचे हे नाते धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. या जिल्ह्यातले ढोकी हे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याचे गाव. साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांत उसाच्या मळीवर याच जातीचे यीस्ट काम करते. तेथे मद्यार्क मिळवायचा असतो, वायू हे उप-उत्पादन. बेल्जियन बाटलीत हिशेब उलटा असतो: हवा असतो तो वायू, मद्यार्क जेमतेम अर्ध्या टक्क्याने वाढतो. बेल्जियममध्ये साखर मुख्यतः बीटपासून करतात. उसाच्या साखरेनेही तेच काम होते, कारण दोन्हींत सुक्रोजच असते.

साखरेचे माप हा या कामाचा कणा आहे. 20 अंश सेल्सिअसला किण्वन संपलेल्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे 0.85 पट वायू आधीच विरघळलेला असतो. बेल्जियन बिअरला तो तीन पटींहून अधिक लागतो. लिटरमागे साधारण 4 ग्रॅम साखर एक पट वायू देते. म्हणजे 3.2 पटींसाठी लिटरला 9 ग्रॅम, 20 लिटरला 180 ग्रॅम साखर पुरते. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळतात. बाटलीगणिक चमच्याने घातल्यास माप चुकते. साखर मिसळण्याआधी हायड्रोमीटरचे (घनता मोजण्याच्या उपकरणाचे) वाचन सलग दोन-तीन दिवस स्थिर असल्याची खात्री करावी लागते. पहिल्या किण्वनातली साखर शिल्लक राहिली असेल तर तिचाही वायू होतो आणि बाटली फुटू शकते.

नेहमीची पातळ बाटली या दाबाला पुरत नाही. त्यासाठी शँपेनच्या धर्तीची, जाड काचेची आणि तळाला आत खोलगट अशी 750 मिलिलिटरची बाटली वापरतात. बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या बुचाच्या ओक वृक्षाच्या सालीचे असते आणि बाटलीच्या तोंडापेक्षा बरेच जाड असते. बूच बसवण्याच्या उभ्या यंत्रात चार जबडे ते सगळीकडून आवळतात आणि दांडा दाबताच ते खाली उतरते. पूर्ण आत घातल्यास ते हाताने निघत नाही, म्हणून साधारण निम्मे बाहेर ठेवतात. दांड्याची खोली आधी रिकाम्या बाटलीवर जुळवून घेतात. बुचावर तारेची जाळी चढवून पीळ देतात. ही जाळी फ्रान्सच्या अदोल्फ जाकसोन यांनी 1844 मध्ये आणली. तिच्याविना बूच हळूहळू वर सरकते.

बंद बाटल्या 20 ते 25 अंशांत दोन-तीन आठवडे ठेवतात. बेल्जियमची मोर्टगाट कंपनी आपल्या ‘डुव्हेल’ बिअरच्या बाटल्या 24 अंशांत दोन आठवडे आणि नंतर थंड तळघरात सहा आठवडे ठेवते. तापमानाकडे दुर्लक्ष चालत नाही. 3.2 पट वायूच्या बाटलीत 20 अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा पावणेतीन वातावरणांइतका दाब जास्त असतो. 40 अंशांना तो पाचाच्या आसपास जातो. मराठवाड्यातला उन्हाळा पाहता अशी बाटली पत्र्याच्या खोलीत ठेवणे धोक्याचे आहे. उघडण्याआधी ती पुरती गार करावी, तोंड माणसांपासून दूर धरावे आणि बुचावर हात ठेवूनच जाळी सैल करावी. तळाला बसलेला यीस्टचा साका ढवळू न देता बिअर एका दमात ओततात.

महाराष्ट्रात या तंत्राचा जवळचा भाऊबंद जुन्नर तालुक्यातील नारायणगावला रुजला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने 1980च्या दशकात ‘पायपर-हाइडसिक’ या फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक मदतीने तेथे फेसाळ वाइन सुरू केली. ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात गेली. तिचेही दुसरे किण्वन बाटलीतच होई. या पद्धतीच्या वाइनमध्ये लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर घालतात, म्हणून दाबही पाच-सहा वातावरणांपर्यंत चढतो. पुढे बाटल्या उलट्या करून साका मानेत आणतात, तो गोठवून काढून टाकतात आणि मग अंतिम बूच बसवतात. बेल्जियन बिअरमध्ये हा टप्पा नसतो. साका बाटलीतच राहतो आणि पहिलेच बूच अखेरचे ठरते.

घरी बिअर करण्याची मोकळीक ब्रिटनमध्ये 1963 पासून आहे; अमेरिकेत संघीय कायद्याने ती 1978 मध्ये दिली. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे राज्यात कोठेही हे तंत्र वापरायचे तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.