पाक, पाणी आणि प्रमाण

गेल्या दिवाळीतली गोष्ट. स्वयंपाकघरात रव्याच्या लाडवांचा पाक उकळत होता आणि बाहेरच्या खोलीत आमची कन्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र घोकत होती. “बाबा, साखर पाण्यात वितळली की...” एवढे कानांवर पडले आणि माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला.

“साखर वितळत नाही, विरघळते!” मी म्हणालो. “बर्फ वितळतो. त्याला नुसती ऊब पुरते. विरघळायला मात्र दोघे लागतात. एक विरघळणारा आणि एक विरघळवणारा.”

“अहो बाबा, हेच तर आमच्या पुस्तकात पानभर लिहिले आहे!”

रसायनशास्त्र पहिल्याला द्राव्य म्हणते, दुसऱ्याला द्रावक आणि दोघांच्या एकजीव मिश्रणाला द्रावण. शाळेत विज्ञानाच्या तासाला मागचा बाक गाठणारा मी, त्या दिवसापासून माझ्याच मुलीचा विद्यार्थी झालो.

वाचकहो, हा धडा खरे तर स्वयंपाकघरातलाच आहे. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाणी सुमारे 200 ग्रॅम साखर सहज पोटात घेते. मीठ मात्र 36 ग्रॅमच. त्यापुढे घातलेले तळाशी बसते. असे तृप्त झालेले द्रावण म्हणजे संपृक्त द्रावण. पाणी तापवले की साखर कितीतरी अधिक विरघळते, मीठ जवळजवळ तेवढेच. पाक साखरेचा होतो तो यामुळेच. पाणी आटते, तार येते. आणि पाक पुढे गेला की निवताना साखर पुन्हा दाणे धरते. त्यावर आपल्या आज्यांनी लिंबाचे चार थेंब पिळण्याची युक्ती काढली. आंबटाने थोडी साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि ही परकी मंडळी मधे शिरल्यामुळे साखरेच्या कणांना रांग धरून बसता येत नाही.

मग प्रमाणाचा भाग आला आणि आमची गाडी अडली. “एक मोलर” साखरेचे द्रावण म्हणजे 342 ग्रॅम साखर आणि एक लिटर पाणी, असे मी ठोकून दिले. “चूक!” कन्या म्हणाली. “आधी साखर विरघळवायची, मग सगळे मिळून एक लिटर भरेल एवढेच पाणी घालायचे.” परीक्षेत निम्मी मुले येथेच घसरतात म्हणे.

पुढचे उदाहरण फ्लोराइडचे होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर! त्याहून फार वाढले तर वाढत्या वयात मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते पुढे जात नाहीत. वर्षानुवर्षे असे पाणी पिणाऱ्यांची हाडेही आखडतात.

हे ऐकले आणि माझ्या हातातला लाडू हातातच राहिला.

माझ्या वर्गात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा आहे. कविता फार छान वाचायचा, पण तोंडावर हात धरून. एकदा हात बाजूला झाला, ते डागाळलेले दात दिसले आणि मी भर वर्गात त्याला खर्रा सोडण्याचा उपदेश केला. तो काही बोलला नाही. त्यानंतर वाचायला म्हणून कधी उठलाही नाही.

सुटी संपताच मी त्याला बोलावले आणि विचारले. “मी खर्रा खात नाही जी, सर,” तो खाली पाहत म्हणाला. “आमच्या गावात सगळ्या पोरांचे दात असेच आहेत. बोअरचं पाणी तर काचेसारखं दिसते जी.”

काचेसारखे! तेथेच तर फसगत आहे. विरघळलेले दिसत नाही. यवतमाळ-चंद्रपुराकडच्या कित्येक गावांत फ्लोराइड खडकांतून भूजलात उतरते. कॅल्शियम भरपूर असेल तर त्याच्याशी जोडी जमून ते बरेचसे तळाशी बसते. कॅल्शियम कमी असेल तर विरघळलेलेच राहते. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.

यावरचा एक उपाय आपल्या नागपुरातच निघाला. 1958 साली येथे स्थापन झालेल्या आणि 1974 पासून ‘नीरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पाण्यात चुना, तुरटी आणि जंतुनाशासाठी ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे. तुरटीचे पुंजके फ्लोराइडला धरून तळाशी बसतात. वरचे पाणी निथळून घ्यायचे. मात्र गढूळ पाण्याला लागते त्याहून तुरटी कितीतरी जास्त लागते आणि तिचे माप पाणी तपासूनच ठरवावे लागते. अंदाजाने टाकून भागत नाही. म्हणून नव्या बोअरचे पाणी कितीही नितळ असो, प्रयोगशाळेत तपासल्यावाचून ते मुलांना देऊ नये.

माझी चूकही त्याच जातीची होती. तपासल्यावाचून निकाल दिला. उपदेश भर वर्गात केला होता, तेव्हा क्षमाही भर वर्गातच मागितली. तो मुलगा आता पुन्हा वाचू लागला आहे. हात मात्र अजून तोंडावरच असतो.