पुराश्मयुगीन आहाराचे डबे : एक घरगुती व्यवसाय

घरी शिजवलेले अन्न विकून चरितार्थ चालविण्याची प्रथा आपल्या देशात नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांनी ती दीर्घकाळ सांभाळली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने याच स्त्रियांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेले. अशा खाणावळीत ग्राहक कशाचे पैसे देतो हे उघड असे. पोळी, भात, आमटी आणि भाजी त्याच्या ताटात दिसत.

अलीकडच्या काळात शहरांतून एका निराळ्या डब्याची मागणी होऊ लागली आहे. त्यात पोळी नसते, भात नसतो, डाळ नसते आणि साखरही नसते. ‘पॅलिओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुराश्मयुगीन आहाराचा हा डबा होय. येथे ग्राहक जे डब्यात आहे त्याचे पैसे देतोच. परंतु जे डब्यात नाही त्याचेही देतो. ते खरोखरच नाही याची खात्री त्याला स्वतः करून घेता येत नाही. त्यामुळे असा व्यवसाय पाककौशल्याइतकाच शब्दाच्या खरेपणावर आणि काटेकोर हिशेबावर उभा असतो. या दोहोंचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे.

कल्पनेचा उगम

शेतीचा शोध लागून सुमारे दहा ते बारा हजार वर्षे झाली. त्यापूर्वीच्या लक्षावधी वर्षांत मनुष्य शिकार, मासेमारी आणि कंदमुळे, फळे यांचे संकलन यांवर जगत होता. आपल्या देशातही त्या युगाच्या खुणा विपुल आहेत. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतातील या संशोधनाचा पाया घातला गेला. मानवी शरीराची घडण त्या दीर्घ काळात झाली असल्यामुळे धान्य, कडधान्ये, दूध व साखर हे नंतर आलेले पदार्थ त्याला पुरते मानवत नाहीत, असा या आहाराच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद आहे. १९७५ मध्ये वॉल्टर व्हॉग्टलिन या अमेरिकन वैद्याने अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. १९८५ मध्ये बॉइड ईटन व मेल्विन कॉनर यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात या विषयाची मांडणी केली. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ही कल्पना सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली.

या युक्तिवादाला सबळ आक्षेपही आहेत. त्या काळचा सर्व मानवजातीचा मिळून असा एकच आहार नव्हता. समुद्रकिनारी राहणाऱ्याचे अन्न वेगळे होते आणि हिमप्रदेशात राहणाऱ्याचे वेगळे. शिवाय युरोपात सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यांवर वनस्पतींच्या पिष्टाचे कण आढळले असून त्यावरून तेव्हाही लोक पीठ दळत असावेत असे दिसते. डबा करून विकणाऱ्या व्यक्तीने या वादाचा निवाडा करण्याचे कारण नाही. मात्र वाद आहे हे तिला ठाऊक असले पाहिजे, म्हणजे ग्राहकाला भलते आश्वासन देण्याचा मोह होणार नाही.

प्रथम यादी, मग चूल

‘पॅलिओ’ या शब्दाची सर्वमान्य अशी व्याख्या नाही. काटेकोर पंथ धान्य, कडधान्ये, दुग्धजन्य पदार्थ, साखर आणि बियांपासून काढलेली शुद्ध तेले हे सारे वर्ज्य मानतो. काही जण तुपाला मुभा देतात. काही रताळे व सुरण चालवितात आणि बटाटा टाळतात. तमिळनाडूत या आहाराचा जो प्रकार रुजला त्यात तूप, लोणी व पनीर यांना स्थान आहे. कारण त्यांच्यावाचून शाकाहारी माणसाला हा आहार चालविणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून व्यवसाय सुरू करण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात काय चालते, काय चालत नाही आणि कशाविषयी ग्राहकाने आधी सांगावे, अशा तीन रकान्यांची एक यादी तयार करावी. ती प्रत्येक ग्राहकाला लेखी द्यावी. पुढे उद्भवणारे बहुतेक वाद या एका कागदाने टळतात.

भारतीय गृहिणीला ही शिस्त सर्वस्वी अपरिचित नाही. उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही, जैन कुटुंबासाठी कोणते कंद टाळावयाचे, हे ती पूर्वीपासून पाळत आली आहे. मात्र उपवासाची यादी येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. वरी हे तृणधान्य आहे, शेंगदाणा हा शेंगवर्गातला आहे आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. उपवासाला चालणारे हे तिन्ही पदार्थ या डब्यात बसत नाहीत.

खरी अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थांची आहे. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात मैदा किंवा अन्य पिष्ट मिसळलेले असते. दक्षिणेकडील फोडणीत उडदाची व हरभऱ्याची डाळ सहज पडते. रस्सा दाट करण्यासाठी बेसन किंवा दाण्याचे कूट लावण्याची सवय हातात मुरलेली असते. सोया सॉस हा सोयाबीन आणि बहुधा गहू यांच्यापासून होतो. तयार मसाल्यांच्या व सॉसेजच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते घरात आणू नयेत. शक्य तेथे मसाला घरीच कुटावा आणि त्यासाठी वेगळे मिक्सरचे भांडे, वेगळी कढई व वेगळे डबे ठेवावेत. घरच्या माणसांसाठी पोळ्या लाटण्याच्या ओट्यावर त्याच वेळी हा डबा भरला, तर पिठाचे कण त्यात जाणारच. ज्याला गव्हाचे वावडे आहे अशा ग्राहकाच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

परकीय पदार्थांची नक्कल करण्याचीही गरज नाही. आपल्या निरनिराळ्या प्रांतांच्या पाककलेत या यादीत बसणारे पदार्थ पुष्कळ आहेत. केरळातील नारळाच्या दुधातील माशाचे मोइली, साखर न घातलेली कोकणी सोलकढी, दह्यावाचून केलेले अवियल, ईशान्य भारतातील बांबूच्या कोंबांसह शिजविलेले डुकराचे मांस, कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याचा पिठावाचून केलेला प्रकार, भरली वांगी दाण्याच्या कुटाऐवजी खोबरे व तीळ घालून. असा आठवड्याचा क्रम सहज लावता येतो. ज्या चवीशी ग्राहकाची जीभ परिचित आहे तो डबा तो अधिक काळ चालू ठेवतो.

हिशेबाची वही

सामान्य खाणावळीचे गणित ज्या खांबावर उभे असते तो खांबच येथे नाहीसा होतो. पोट भरण्याचे काम तेथे भात व पोळी करतात आणि तीच ताटातील सर्वांत स्वस्त वस्तू असते. सुमारे ७५ ग्रॅम तांदळातून जवळपास २६० कॅलरी मिळतात. तांदूळ ६० रुपये किलो धरला तर त्याला साडेचार रुपये पडतात. तेवढीच ऊर्जा बदामातून मिळवावयाची तर सुमारे ४५ ग्रॅम बदाम लागतील आणि ८०० रुपये किलोच्या दराने त्यांना ३६ रुपये पडतील, म्हणजे आठपट. म्हणूनच नेहमीच्या डब्याच्या भावाकडे पाहून या डब्याचा भाव ठरविणारा मनुष्य हमखास बुडतो.

एका डब्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. दर गावोगावी निराळे असतील; पद्धत तीच राहील. शिजल्यानंतर १५० ग्रॅम कोंबडीचे मांस द्यावयाचे असेल, तर शिजताना सुमारे चतुर्थांश वजन घटते हे धरून २०० ग्रॅम निव्वळ मांस घ्यावे लागेल. ४०० रुपये किलोने त्याचे ८० रुपये होतात. देठ, साली व कीड काढून २५० ग्रॅम भाजी उरण्यासाठी ३२० ग्रॅम विकत घ्यावी लागली, तर ६० रुपये किलोने १९ रुपये. अर्ध्या नारळाचे २०, तेलाचे ६ आणि मसाल्याचे ५. एकूण सामग्री १३० रुपयांची झाली. त्यात इंधन व धुणेपुसणे ८, डब्याचे वेष्टन १०, पोहोचविण्याचा खर्च २५ आणि नासधुशीपोटी ७ रुपये मिळविले, म्हणजे १८० रुपये होतात.

येथेच बहुतेक नवशिक्यांची फसगत होते. सामग्रीला १३० रुपये पडले आणि डबा १८० ला विकला म्हणजे ५० रुपये सुटले, असा समज होतो. वस्तुतः एक पैसाही सुटलेला नसतो; सकाळचे पाच तास फुकट राबणे मात्र घडलेले असते. १५ डब्यांसाठी पाच तास लागत असतील आणि तासाला ७५ रुपये एवढीच मजुरी धरली, तरी प्रत्येक डब्यावर २५ रुपये चढतात. भांडी व शीतकपाट यांच्या झिजेपोटी ५ रुपये धरले की डबा २१० रुपयांना पडतो. नफ्याचा विचार यापुढे सुरू होतो. स्त्रीच्या घरातील श्रमाला किंमत नसते हा समज कुटुंबात असतोच. तो तिच्या स्वतःच्या वहीत तरी शिरू देऊ नये.

ही वही अनुमानावर लिहू नये. एक साधा वजनकाटा घेऊन पहिल्या महिन्यात प्रत्येक वस्तूचे खरेदीचे, साफ केल्यानंतरचे आणि शिजल्यानंतरचे वजन नोंदवावे. फुलकोबीचा किती भाग टाकून द्यावा लागतो, किंवा माशाचे डोके व काटे गेल्यावर काय उरते, हे आकडे ज्याच्या त्याच्या बाजारावर व हातावर अवलंबून असतात.

स्वच्छता आणि तापमान

मांस, मासे, अंडी व नारळाचे दूध हे लवकर नासणारे पदार्थ आहेत. पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानांच्या दरम्यान रोगजंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून शिजलेले अन्न एकतर साठ अंशांहून अधिक गरम ठेवावे, नाहीतर त्वरेने थंड करून पाच अंशांखाली ठेवावे. उन्हाळ्यात ही दक्षता दुप्पट घ्यावी लागते. मोठ्या पातेल्यात रस्सा तसाच निवत ठेवू नये; उथळ भांड्यांत विभागून घ्यावा. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७५ अंशांना पोहोचले पाहिजे आणि ते पाहण्यासाठी टोचण्याचा तापमापक जवळ असावा. कच्च्या मांसाची पाटी व सुरी कोशिंबिरीला कधीही लावू नये.

कायदा

अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. घरातून अन्न विकणारी व्यक्तीही त्याच्या कक्षेत येते. २०११ च्या नियमावलीत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी केवळ नोंदणीची आणि त्यापुढे परवान्याची तरतूद करण्यात आली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत. नोंदणीनंतर चौदा अंकी क्रमांक मिळतो.

घरगुती वापराचा १४.२ किलोचा गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो. त्याचा खर्च हिशेबात आधीच धरावा. भाड्याच्या घरात घरमालकाची आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेत संस्थेची संमती प्रथम घ्यावी. शेजाऱ्याला माशाचा वास सहन होत नसेल, तर उत्तम स्वयंपाकही व्यवसाय वाचवू शकत नाही.

आश्वासनाची मर्यादा

या डब्याचे अनेक ग्राहक वजन घटविण्यासाठी किंवा मधुमेहाच्या चिंतेने येतात. अशा वेळी ‘मधुमेह बरा होतो’ असे पत्रकात छापण्याचा मोह होतो. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय यांविषयीच्या कायद्याने ज्या विकारांवरील उपायांच्या जाहिरातींना बंदी केली आहे त्यांच्या सूचीत मधुमेह व स्थूलता ही दोन्ही नावे आहेत.

परंतु कायद्याहून मोठे कारण रुग्णाच्या जिवाचे आहे. इन्शुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने भात-पोळी एकाएकी बंद केली आणि औषध पूर्वीइतकेच ठेवले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊन तो बेशुद्ध पडू शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला अधिक प्रथिने घातक ठरू शकतात. दूध व नाचणी दोन्ही सोडणाऱ्याला कॅल्शियम कोठून मिळणार हाही प्रश्न असतो. काट्यांसह खाल्ले जाणारे लहान मासे, तीळ आणि शेवग्याचा पाला यांचा त्याला काहीसा आधार होतो. या आहाराचे वैद्यकीय प्रयोग झाले आहेत, पण त्यांतील बरेचसे लहान व अल्पमुदतीचे होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका प्रयोगात अवघे २९ हृद्रोगी होते आणि तो बारा आठवडे चालला. साखरेच्या नियंत्रणात सुधारणा दिसली. तरी एवढ्या आधारावर कोणालाही हमी देता येत नाही. म्हणून नवा ग्राहक घेताना त्याला कोणता आजार आहे व कोणते औषध चालू आहे हे विचारावे, आणि तसे असल्यास वैद्याच्या सल्ल्यावाचून डबा सुरू करू नये. एक ग्राहक गमावला तरी चालेल.

प्रारंभ

आरंभी कर्ज काढून मोठे शीतकपाट घेण्याची घाई करू नये. ओळखीच्या पाच-सात कुटुंबांपासून, आठवड्यातून तीन दिवस आणि एकाच वेळच्या जेवणाने सुरुवात करावी. पैसे आठवड्याचे आगाऊ घ्यावेत, म्हणजे खरेदी नेमकी करता येते व नासाडी टळते. असे निर्बंधांचे आहार पुष्कळ लोक उत्साहाने सुरू करतात आणि काही आठवड्यांनी सोडतात. त्यामुळे ग्राहकांची संख्या स्थिर राहील असे गृहीत धरू नये. दोन महिन्यांच्या शेवटी वही उघडावी. स्वतःची मजुरी धरूनही शिल्लक उरत असेल आणि यादीबाहेरचा कण डब्यात गेल्याची तक्रार आलेली नसेल, तर व्यवसाय वाढविण्यास हरकत नाही. शिल्लक उरत नसेल, तर भाव वाढवावा किंवा पदार्थ बदलावेत. यादीत नसलेले पीठ घालून रस्सा दाट करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. कारण ग्राहकाने पैसे दिले होते ते नेमके त्या पिठाच्या अभावासाठी.