मान, घागर आणि हेडफोन

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे तालुक्याचे गाव गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले आहे. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. नदीकाठच्या अशा गावांत पाणी वाहण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या डोक्यावर पडत आले, आणि तेही अगदी शब्दशः डोक्यावर! आता घरोघरी नळ आले, तरी उन्हाळ्यात आसपासच्या खेड्यांतून हातपंपापासून किंवा टँकरपासून घरापर्यंत घागर जाते ती पुष्कळदा डोक्यावरूनच. त्याच घरात दहावीतला मुलगा जाडजूड हेडफोन कानांवर चढवून, मांडीवरच्या मोबाइलकडे पाहत दोन-दोन तास बसतो आणि उठताना मान चोळतो.

भरलेली घागर साधारण १५ किलोची. हेडफोन नेहमीचा असेल तर पाव किलोचा, मोठी चुंबके बसवलेला भारी प्रकारचा असेल तर अर्ध्या किलोचा. तीसपट ओझे घेऊन बाई ताठ मानेने चालत येते आणि मुलाची मान बसल्या जागी अवघडते, हे कसे? 'हल्लीची पोरे नाजूक' हे उत्तर आजीकडून ऐकायला मिळेल. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या तरफेच्या धड्यात आहे.

आपले डोके सुमारे ५ किलो वजनाचे असते. म्हणजे हेडफोन घालण्यापूर्वीच मानेवर एक चांगले कलिंगड ठेवलेले आहे, असे समजा. हे डोके मानेच्या सर्वांत वरच्या मणक्यावर टेकलेले असते. ग्रीक पुराणकथेत आकाश खांद्यावर तोलून धरणाऱ्या ॲटलासचे नाव त्या मणक्याला दिले आहे. मानेत असे ७ मणके आहेत. (जिराफाच्या मानेतही ७ च! त्याचा एकेक मणका लांब, एवढेच.)

डोक्याचा गुरुत्वमध्य या आधाराच्या थोडा पुढे पडतो. म्हणूनच बसमध्ये डुलकी लागली की बहुधा हनुवटी छातीवर येते. जागेपणी डोके पुढे पडू नये म्हणून मानेच्या मागचे स्नायू ते सतत मागे ओढून धरतात. मध्ये टेकू, पुढे भार आणि मागे बल, अशी ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. मानेच्या मागच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि डोके हळूहळू पुढे झुकवा. बोटांखाली स्नायू ताठ झालेले लागतील. आता डोके सरळ करा. स्नायू पुन्हा सैल पडतात.

थोडा हिशेब करू. मान वाकते तेव्हा ती एकाच सांध्यात वाकत नाही, सातही मणके आपापला वाटा उचलतात. पण सोयीसाठी टेकू मानेच्या तळाशी आहे असे धरू. समजा, ताठ बसले असता डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या २ सेंमी पुढे आहे आणि स्नायू टेकूच्या ५ सेंमी मागे आहेत. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. म्हणजे ५ × २ = बल × ५; बल आले २ किलोभार. आता अर्ध्या किलोचा हेडफोन घाला. तो कानांवर बसतो आणि कान डोक्याच्या गुरुत्वमध्याच्या जवळच आहेत, म्हणून त्याची भारभुजाही २ सेंमीच धरू. ५.५ × २ भागिले ५, म्हणजे २.२ किलोभार. हेडफोनमुळे स्नायूंचे काम वाढले ते अवघे २०० ग्रॅमभार!

आता मांडीवरच्या मोबाइलकडे पाहण्यासाठी मान ३० अंशांतून पुढे झुकवा. मानेच्या तळापासून डोक्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर १८ सेंमी धरू. काटकोन त्रिकोणात ३० अंशाच्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, हे प्रमेय तुम्ही शिकला आहात. ते इथे उपयोगी पडते. गुरुत्वमध्य टेकूच्या ९ सेंमी पुढे गेला. (आधीचे २ सेंमी सोडून देऊ.) हेडफोन नसतानाही स्नायूंना लावावे लागणारे बल ५ × ९ भागिले ५, म्हणजे ९ किलोभार झाले. हेडफोन घातला तर ९.९.

हे आकडे पुन्हा एकदा पाहा. अर्ध्या किलोच्या हेडफोनने ताठ मानेवर २०० ग्रॅमभाराचा बोजा टाकला. तोच हेडफोन मान वाकताच ९०० ग्रॅमभाराचा झाला. पण नुसती मान वाकवल्यानेच ७ किलोभाराची भर पडली होती. म्हणजे खरा गुन्हेगार मांडीवर बसला आहे आणि आळ कानांवरच्या बिचाऱ्यावर येतो.

अमेरिकेतील शल्यविशारद केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये असाच हिशेब संगणकावर मांडून प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबात ताठ मानेवर सुमारे ५ किलो, १५ अंशांत १२, ३० अंशांत १८ आणि ६० अंशांत २७ किलोचा भार येतो. हे आकडे पुष्कळदा जणू कोणी मानेत काटा बसवून मोजल्यासारखे सांगितले जातात. ते मोजलेले नाहीत, गणिताने काढलेले आहेत. गृहीत धरलेली अंतरे बदलली की आकडे बदलतात. आपल्या हिशेबाचे आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत ते त्यामुळेच. कोन वाढला की ताण झपाट्याने वाढतो, एवढे मात्र दोन्ही हिशेब सांगतात.

आता घागरीकडे वळू. १५ किलोची घागर बरोबर आधाराच्या वर ठेवली, तर तिची भारभुजा शून्य. स्नायूंना जादा ओढावे लागत नाही, सगळे वजन सरळ मणक्यांवरून खाली उतरते आणि हाडे दाब सोसायला चांगली समर्थ असतात. मात्र घागर १ सेंमी पुढे सरकली तर १५ × १ भागिले ५, म्हणजे स्नायूंना लगेच ३ किलोभार जास्त लावावा लागतो. ३ सेंमी सरकली तर ९. डोके वाकवून चालण्याची मुभाच इथे नाही. वाकले की घागर खाली! म्हणून पाणी वाहणाऱ्या बाईची मान ताठ, नजर समोर आणि चाल संथ असते. मुलाच्या हेडफोनला अशी शिक्षा करता येत नाही. मान वाकली तरी तो डोक्यावरून पडत नाही, आणि गोम तिथेच आहे.

दुसरेही एक कारण आहे. हात पुढे सरळ ताठ करून तळव्यावर एक वही धरा आणि घड्याळ लावा. काही मिनिटांतच खांदा भरून येईल, वहीचे वजन कितीही क्षुल्लक असो. स्नायू आखडलेल्या स्थितीत राहिला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो आणि टाकाऊ द्रव्ये साचतात. स्नायू आळीपाळीने आखडत आणि सैलावत राहिला, तर तो जणू पंपासारखे रक्त खेळते ठेवतो. दोन तास एकाच कोनात धरलेली मान म्हणजे मागच्या स्नायूंना न मिळालेली दोन तासांची विश्रांती. म्हणून दर वीस मिनिटांनी उठून मान हलवावी, असे सांगतात.

मान न दुखता डोक्याचा माथाच दुखू लागला, तर तो मात्र वजनापेक्षा दाबाचा प्रश्न. घागरीचा गोल बुडखा टणक डोक्यावर नुसता ठेवला, तर तो फार थोड्या जागी टेकेल. ५ चौरस सेंमी धरले, तर १५ किलोची घागर दर चौरस सेंमीला ३ किलोभाराने रुतेल. बायका डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ करून ठेवतात, तिने टेकण्याची जागा ६० चौरस सेंमी झाली तर दाब पाव किलोभारावर येतो. शिवाय कड्यासारख्या आकारामुळे घागर घरंगळत नाही. हेडफोनच्या पट्टीखालची गादी हेच काम करते. भारी हेडफोनमध्ये वरच्या धातूच्या कमानीखाली एक रुंद, लवचिक पट्टा लोंबता ठेवलेला असतो. तो डोक्याच्या गोलाईवर पसरून बसतो. चुंबळीचाच हा कारखान्यात तयार झालेला भाऊ! हेडफोनने कान दोन्ही बाजूंनी किती आवळले जातात, हेही पाहावे लागते. सैल असेल तर तो सारखा घसरतो, घट्ट असेल तर कानशिले दुखतात.

डोक्यावरून ओझे वाहण्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी बराच केला आहे. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ मध्ये ओझे वाहण्याच्या सात पद्धती ताडून पाहिल्या. निम्मे ओझे छातीवर आणि निम्मे पाठीवर घेण्यात सर्वांत कमी शक्ती खर्च झाली, हातांत धरून नेण्यात सर्वांत जास्त. डोक्यावरचे ओझे पहिल्या पद्धतीच्या जवळ आले. पुढे १९८६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केनियातील स्त्रियांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्या वजनाच्या एकपंचमांशापर्यंतचे ओझे डोक्यावर असूनही त्यांचा प्राणवायूचा खर्च रिकाम्या चालण्याइतकाच राहत होता! चालताना आपले शरीर लंबकाप्रमाणे वरखाली होते. ओझ्याखाली या स्त्रिया ती लंबकाची ऊर्जा अधिक काटकसरीने वापरतात, असे १९९५ मध्ये आढळले. मात्र २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात अशी काटकसर सर्वांमध्ये दिसली नाही.

प्राणवायूची काटकसर झाली म्हणजे मानेला इजा होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. घागरीचा प्रत्येक किलो मणक्यांमधल्या चकत्यांवर दाबला जातोच, आणि वर्षानुवर्षे पाणी वाहणाऱ्या स्त्रियांमध्ये मान व पाठ दुखण्याच्या तक्रारी अभ्यासकांना आढळल्या आहेत. वाढत्या वयाच्या मुलींच्या डोक्यावर हंडा देणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. बाजारपेठेतल्या हमालांचेही तेच. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला आहे. त्यांच्या कामाचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. त्या काळी मोंढ्यात शंभर किलोची पोती सर्रास पाठीवर चढत.

हेडफोनवाल्या मुलाचे दुखणे त्या मानाने स्वस्तात सुटणारे आहे. मोबाइल पुस्तकांच्या चवडीवर टेकवून डोळ्यांच्या उंचीला आणला, की वरच्या हिशेबातले ७ किलो गेले. नुसते ऐकायचे असेल तर पाहायचे कशाला? भिंतीला डोके टेकून ऐकावे.

शेवटी एक गंमत. रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांच्या शिरस्त्राणावर डोळ्यांपुढे अंधारात पाहण्याची दुर्बीण बसवतात. तिचे वजन सुमारे अर्धा किलो. ती पुढे लोंबते म्हणून वैमानिकांच्या माना दुखू लागल्या. यावर पुष्कळ ठिकाणी केलेला उपाय म्हणजे शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूला आणखी एक वजन अडकवणे! समजा, दुर्बीण टेकूच्या २० सेंमी पुढे आहे. स्नायूंवर तिचा जादा ताण ०.५ × २० भागिले ५, म्हणजे २ किलोभार. दुर्बिणीचे स्वतःचे वजन धरून मणक्यांवर अडीच. आता अर्ध्या किलोचे वजन टेकूच्या १० सेंमी मागे लावा. स्नायूंचा जादा ताण १ किलोभारावर येतो आणि डोक्यावर एकूण वजन वाढले असूनही मणक्यांवरचा जादा भार २ च राहतो. मागे त्याच जागी किती वजन लावले म्हणजे स्नायूंवरचा जादा ताण शून्य होईल आणि त्या वेळी मणक्यांवर किती भार येईल, हे वहीत काढून पाहा. वर्गात फूटपट्टी, पेन्सिलीचा टेकू आणि नाणी घेऊन ते पडताळूनही पाहता येईल.