बॅटरी ‘मेली’ म्हणजे नेमकं काय झालं?

आजचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने ड्रिल मशीनच्या बॅटरीवर काय बोलावं? पण आमच्या विषयाचं निम्मं काम शब्द तपासण्याचं असतं, आणि इथे एक शब्द फार सैल वापरला जातो. सुतार असोत, फॅब्रिकेटर असोत, एसी बसवणारे असोत, सगळे म्हणतात, ‘बॅटरी मेली.’ या एका शब्दात निदान तीन वेगळ्या अवस्था कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या नाहीत, तर दुरुस्त होणारी बॅटरी भंगारात जाते, किंवा खरोखर मेलेलीला जिवंत करण्याच्या नादात आग लागते.

आधी बॅटरी म्हणजे काय ते पाहू. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. आपला बॅटरी पॅक अगदी तसाच आहे. १८ व्होल्टचा लिथियम पॅक उघडला, तर आत ३.६ व्होल्टचे ५ सेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले दिसतात. पाच गुणिले ३.६, झाले १८. काही खोक्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असतं, तेही हेच पाच सेल. फक्त नुकत्याच भरलेल्या सेलचे सुमारे ४ व्होल्ट धरून हिशेब मांडलेला असतो. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून १८ व्होल्टसाठी १५ सेल लागत.

सिरीजमध्ये जोडण्याचा अर्थ असा की सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. त्यातला एक सेल अशक्त असेल, तर तो आधी रिकामा होतो. बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, आणि त्याची धन-ऋण टोकं चक्क उलटी होऊ शकतात. त्यामुळे ‘पॅक मेला’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा एखाददुसराच सेल गेलेला असतो.

आता तीन अवस्था. पहिली, झोपलेली बॅटरी. संपर्काच्या पट्ट्यांवर धूळ किंवा गंज बसलेला असतो, चार्जर बिघडलेला असतो, किंवा निकेल-कॅडमियम पॅक बरेच महिने पडून सुस्तावलेला असतो. पट्ट्या पुसाव्यात, दुसऱ्या चार्जरवर लावून बघावं. निकेलचा पॅक असेल तर दोन-तीनदा पूर्ण भरावा आणि वापरून रिकामा करावा. पुष्कळदा त्याला पुन्हा जोर येतो. मात्र ड्रिलचा वेग स्पष्टपणे मंदावला की थांबायचं. बटणाला दोरी बांधून अगदी शून्यावर न्यायचं नाही, कारण तिथेच तो सेल उलटा होण्याचा प्रकार घडतो.

दुसरी, म्हातारी बॅटरी. मल्टिमीटर लावला तर २० व्होल्ट दाखवते, पण बटण दाबून भोक पाडायला गेलं की बसते. अशा वेळी आतला रोध वाढलेला असतो. साठवलेली वीज आहे, पण झपाट्याने देण्याची ताकद नाही. इलेक्ट्रोडमधले रासायनिक बदल परत फिरत नाहीत, त्यामुळे इथे पुनरुज्जीवनाची भाषा सोडून सेल बदलण्याचा विचार करावा.

तिसरी, खरोखर मेलेली. निकेल-कॅडमियममध्ये एखादा सेल शून्य व्होल्ट दाखवतो. कॅडमियमचे सुईसारखे स्फटिक वाढून मधला पडदा भेदतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. गाडीच्या बॅटरीचा झटका देऊन ही सुई जाळण्याची युक्ती जुनी आहे. व्होल्ट परत दिसतात हे खरं, पण पडद्याला पडलेलं भोक तसंच राहतं, आणि तो सेल लवकरच पुन्हा आपोआप रिकामा होऊ लागतो. शिवाय झटक्यात ठिणग्या उडतात, सेल फुटू शकतो. चार दिवसांच्या उसन्या जिवासाठी डोळ्यांची जोखीम घ्यायची का, ते आपणच ठरवावं.

लिथियमच्या बाबतीत गोष्ट याहून गंभीर आहे. सेल प्रमाणाबाहेर रिकामा होऊन तसाच पडून राहिला, की आतली तांब्याची पत्री विरघळायला लागते. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जमा होतं आणि आत शॉर्टची वाट तयार होते. म्हणून शहाणा चार्जर असा पॅक नाकारतो. आपल्याला वाटतं चार्जर खराब आहे. खरं तर तो आपलं काम चोख करत असतो. भरलेल्या पॅकमधून दोन वायरी काढून रिकाम्याला ‘धक्का’ द्यायचा, म्हणजे चार्जर फसतो, अशी युक्ती सर्रास सांगितली जाते. चार्जर फसतो, रसायन फसत नाही. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली असेल, किंवा फुगलेला, गळणारा दिसत असेल, तर हात जोडावेत.

मग सेल बदलता येतात का? येतात, पण जाणकाराकडून. पॅक उघडण्याआधी हातातली अंगठी, घड्याळ काढायचं. सगळे सेल एकदम, एकाच बनावटीचे घालायचे. चार जुन्यांत एक नवा घातला तर पुन्हा तीच असमानता. ते जास्त प्रवाह देणारे हवेत. जोर लावला की ड्रिल २०-३० अँपिअरही ओढतो, आणि लॅपटॉपमधून काढलेले सेल त्यासाठी केलेलेच नसतात. जोडणी निकेलच्या पट्टीने, स्पॉट वेल्डिंगनेच करावी. सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल बिघडतो. आणि १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल कुणी ९९०० मिलीअँपिअर-तासाचा म्हणून विकत असेल, तर सरळ परत द्यावा. त्या आकारात चांगल्या सेलची क्षमता सुमारे ३५०० पर्यंतच जाते. आणखी एक अडचण अशी की काही पॅकमधलं सर्किट एकदा बिघाड नोंदवून कायमचं बंद होतं. मग सेल नवे घालूनही पॅक चालत नाही. हे आधी विचारून घ्यावं.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसवणारे अडॅप्टर मिळतात. तिथे प्रश्न एकच विचारायचा: व्होल्ट फार खाली गेल्यावर बंद करण्याची सोय बॅटरीत आहे की मशीनमध्ये? जिथे ती मशीनमध्ये असते, तिथली बॅटरी जुन्या ड्रिलला लावली, तर तिला कुणीच थांबवत नाही, आणि नवी बॅटरीही मरते.

काळजीचं थोडक्यात. लिथियम पॅक महिनोन् महिने ठेवायचा असेल तर अर्धा भरून, सावलीत ठेवावा. उन्हातल्या गाडीत किंवा पत्र्याच्या शेडखाली नको. कामावरून आलेला गरम पॅक लगेच चार्जरवर चढवू नये.

आणि खरोखर मेलेल्याचं काय? आपल्याकडे बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या ठेवाव्यात आणि संकलन केंद्रात द्याव्यात. घंटागाडीत टाकलेला लिथियम पॅक पुढे यंत्राखाली चिरडला, तर आग कचरा उचलणाऱ्या माणसाजवळ लागते. कॅडमियम तर विषारी धातू आहे.

बऱ्याचदा ड्रिलची मोटर बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त टिकते. रोज त्यावर पोट असलेल्या कारागिराला चांगलं मशीन केवळ पॅक मिळत नाही म्हणून टाकावं लागतं. तेव्हा मशीन घेतानाच विचारावं, या आकाराची बॅटरी पाच वर्षांनी मिळेल का? आणि पुढच्या वेळी कुणी ‘बॅटरी मेली’ म्हणालं, तर शांतपणे विचारावं, कोणता सेल, आणि किती व्होल्ट?

आता प्रश्न घेऊ या.