टेनिसच्या रॅकेटची दुहेरी वीण

गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या ऐटीत रॅकेटची सारी जाळी पॉलिएस्टरची करविली. महिन्याभरात कोपरदुखीने त्यास लेखणी धरवेना. पॉलिएस्टरची तार टिकाऊ व फिरकीस उत्तम, परंतु राठ. चेंडूचा धक्का ती हातावर लोटते. गाईच्या आतड्याची तात (मांजराच्या नव्हे!) तो धक्का पुष्कळसा स्वतःच गिळते, मात्र ती महाग व ओलाव्याने बिघडणारी. म्हणून दोहोंचा संकर करतात. त्यात उभ्या तारांचा गुण अधिक उतरतो. २०२२ साली निवृत्त झालेले रॉजर फेडरर उभी तात व आडवी पॉलिएस्टर योजीत असत. पुष्कळ खेळाडू याच्या उलट करतात. आमच्या मते वाढत्या वयाच्या मुलांस उभ्या तारा मऊच हव्यात. तात परवडत नसेल, तर नायलॉनच्या चालतील. आडव्या पॉलिएस्टरच्या ताराही दोनेक पौंड सैलच ताणवून घ्याव्यात.