मिठासाठी जीभ का वळवळते?

गोठ्यात मिठाची चाटण-वीट टांगली की गाय तिच्यावर जीभ घासत राहते. घरातले पोर मिठाच्या बरणीत बोट घालू लागले की आपण म्हणतो, चटक लागली. पण शास्त्रज्ञ सांगतात ते निराळेच आहे. गवत-कडब्यात सोडियम अगदी थोडे असते. वाघाला ते शिकारीच्या रक्तमांसातून मिळते, गाईने ते आणावे कोठून?

शरीरातले सोडियम घटले की दोन निरोपे मेंदूकडे धावतात. एक अँजिओटेन्सिन, दुसरा अल्डोस्टेरॉन. हा दुसरा मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून निघतो. मग मेंदूत मिठाची भूक जागी होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात तर असे दिसले, की या भुकेच्या वेळी मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात जी जनुके हलतात, त्यांतली बरीचशी अफू-कोकेनच्या व्यसनात हलणारीच आहेत! आणि खारे पाणी पिताच दहा मिनिटांत ती पूर्वपदावर येऊ लागली. एवढ्यात मीठ रक्तात पुरते उतरलेलेही नसते. म्हणजे व्यसनाने ही जुनी, जीव राखणारी वाट बळकावली असावी, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे कर्ट रिक्टर यांनी १९३६ साली दाखवले, की अधिवृक्क ग्रंथी काढलेले उंदीर साध्या आहारावर मरतात. पण जवळ खारे पाणी ठेवले तर ते आपणहून भरपूर पितात आणि जगतात. त्यांना कोणी शिकवले नव्हते.

त्याच गावातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. दुखणे वेगळेच समजले गेले होते. त्याला वॉर्डातला नेहमीचा आहार सुरू झाला आणि आठवड्याभरात तो दगावला. तपासणीत आढळले, की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या होत्या, मीठ लघवीवाटे वाहून जात होते. अल्डोस्टेरॉन नसले तरी अँजिओटेन्सिनचा निरोप मेंदूला पोचत असणार.

रिक्टर व विल्किन्स यांनी ही हकीकत १९४० साली छापली. मूल गेल्यावर आईवडिलांनी डॉक्टरांना पत्रातून कळवले होते, की वर्षाचा असल्यापासून तो बिस्किटांवरचे मीठ चाटून घेई, पुढे मिठाची भांडीच रिकामी करी, आणि बोलायला लागला तेव्हा त्याच्या पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ हा शब्द होता.