देखभाल दोघांचीही, भत्ता दोघांनाही नाही

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरच्या आजारी किंवा अपंग माणसासाठी आठवड्याला किमान ३५ तास विनामोबदला राबणाऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’ मिळतो. २०२५-२६ साली तो आठवड्याला ८३.३० पौंड होता. वय किमान १६ हवे. ज्याची देखभाल होते त्याला अपंगत्वाचा ठरावीक भत्ता मिळत असला पाहिजे.

आठवड्याला २१ तास किंवा अधिक शिक्षण घेणारा विद्यार्थी मात्र अपात्र ठरतो. म्हणजे आईचे औषधपाणी सांभाळून कॉलेजही करणाऱ्या मुलीला काहीच नाही. हा सरळ अन्याय आहे. स्कॉटलंडने तो ओळखला: तिथे २०१९पासून तरुण देखभालकर्त्यांना ‘यंग केअरर ग्रँट’ हे वार्षिक अनुदान मिळते आणि नव्या ‘केअरर सपोर्ट पेमेंट’मध्ये पूर्णवेळ शिकणाऱ्या अनेकांनाही जागा आहे. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांना स्थानिक परिषदेकडून गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क आहे, पण त्यातून नियमित पैसे मिळत नाहीत.

निवृत्तांची अडचण वेगळी. सरकारी पेन्शन भत्त्याइतकी किंवा जास्त असेल, तर भत्ता हाती पडत नाही. ऐंशीच्या घरातली पत्नी रात्र-रात्र नवऱ्यापाशी जागते, तिचे काम पेन्शन सुरू झाली म्हणून थांबलेले नसते.

तरीही अर्ज करावाच. पैसे मिळाले नाहीत तरी हक्क नोंदला जातो, आणि कमी उत्पन्न असल्यास त्या नोंदीच्या आधारे ‘पेन्शन क्रेडिट’ या निवृत्तांच्या सरकारी मदतीत वाढ मिळू शकते. ब्रिटनमध्ये आई-वडील असलेल्या वाचकांनी ही चौकशी आजच करावी.